देवयानी वजा केली तेव्हा

देवयानी लोमटेला संघातून काढायचं, हे गिरिजा तांबारेंनी मंगळवारी सकाळी चहाचा दुसरा कप संपायच्या आत ठरवून टाकलं. डोकं खाजवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर पाच नावं होती, नावांपुढे पाच आकडे होते, आणि देवयानीच्या नावापुढे ०.५८ लिहिलं होतं. आठ महिने तो आकडा तिथंच घुटमळत होता. दर सोमवारी ताई तो पुसायच्या आणि जवळपास तोच पुन्हा लिहायच्या.

या आकड्याला पोरं केडी म्हणत. ‘खिंड’ हा खेळ पाच विरुद्ध पाच असा संगणकावर खेळला जाई. डोंगरातली एक खिंड, तिच्या दोन तोंडांना दोन संघ, हातात बंदुका, आणि मधला झेंडा शेवटी ज्यांच्या ताब्यात राहील ते जिंकले. मेलेला खेळाडू थोड्या वेळानं पुन्हा उभा राही, त्यामुळे एका सामन्यात माणूस दहादाही मरू शके. आपण किती जणांना मारलं, त्याला आपण कितीदा मेलो त्यानं भागलं की केडी निघे. विश्वजित घोडकेची केडी होती ३.४१. म्हणजे हा पठ्ठ्या एकदा मरायच्या आत तिघांना लोळवत असे. देवयानी एकाला मारायची आणि जवळजवळ दोनदा मरायची. तिची बाजू घ्यायची तरी कुठल्या तोंडानं?

धाराशिवच्या खो-खो मैदानाला लागून असलेल्या एका लांबट खोलीत ‘बालाघाट’ संघाचा सराव चाले. गिरिजाताई वीस वर्षं त्या मैदानावर पोरींना खो-खो शिकवत होत्या. सहा वर्षांपूर्वी सौरपंपवाल्या बप्पा शिनगारेंनी हा संघ काढला आणि ताईंनाच प्रशिक्षक नेमलं, कारण पोरांकडून घाम गाळून घेणारी दुसरी बाई त्यांना गावात दिसली नाही. माऊस हातात धरला की ताईंची आजही तारांबळ उडे. पण कोण पळतंय, कोण दमलंय आणि कोण नुसतं दमल्याचं सोंग करतंय, हे त्यांना खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघूनही कळे.

“ताई, शनिवारी बारापर्यंत नावं द्यायची लीगला,” बप्पा फोनवर म्हणाले. “पुण्याचं ते पोरगं यायला तयार हाय. केडी चार पूर्णांक एक! त्या लोमट्याच्या पोरीला नारळ द्या आता. लई दिवस झाले.”

“देते,” ताई म्हणाल्या. “पण त्या नव्या यंत्राचा अहवालही जोडावा लागतोय ना यंदा?”

“हाव की. येऊ द्या यंत्र. त्येबी तेच सांगणार.”

*

यंत्र बुधवारी आलं. म्हणजे यंत्र पुण्यातच होतं. आल्या त्या सुलभा नाईकनवरे, एक लॅपटॉप आणि गुडघ्याला पट्टा बांधून. साठीच्या बाई. तीस वर्षं त्यांनी साथीचे आजार कुठून कुठं पसरतात त्याचं गणित मांडण्यात घालवली होती, आणि निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून ‘उणीव’ नावाची ही पद्धत काढली होती. लीगनं यंदापासून ती सगळ्या संघांना सक्तीची केली होती.

“हे बघा,” त्यांनी पाचही खेळाडूंना समोर बसवून सांगितलं. “लग्नाच्या स्वयंपाकघरात दहा बायका राबतात. त्यातली कोण नसती तर पंगत अडली असती, हे कसं कळणार? खरं तर एकीला घरी पाठवायचं आणि तेच लग्न, त्याच पाहुण्यांसकट, पुन्हा लावायचं. नवरानवरी काही त्याला तयार होत नाहीत. म्हणून मग आपण पोळ्या मोजतो. कोणी किती लाटल्या. तुमची केडी म्हणजे मोजलेल्या पोळ्या.”

विश्वजित हसला. त्याच्या पोळ्या सगळ्यात जास्त होत्या.

“खेळात मात्र तेच लग्न पुन्हा लावता येतं. तुमची हजारो तासांची चित्रणं आहेत. कुठं बघता, कधी वळता, किती वेळ दबा धरता, काय ओरडता, सगळं त्यात आहे. त्यावरून यंत्र तुमची प्रत्येकाची प्रतिकृती तयार करतं. ती तुमच्यासारखीच खेळते, तुमच्यासारखीच चुकते. मग तुमच्या पाच प्रतिकृती आम्ही इतर संघांच्या प्रतिकृतींशी चाळीस हजार सामने खेळवतो. नंतर एकाला काढतो, त्याच्या जागी साधारण कुवतीचा एक ठोकळा बसवतो, आणि पुन्हा चाळीस हजार सामने. शंभरात जिंकण्याचं प्रमाण जितकं घसरेल तितकी त्या माणसाची उणीव. म्हणजे माणूस किती मोठा, ते तो गेल्यावर पडणाऱ्या खड्ड्यावरून मोजायचं.”

गिरिजाताईंना हे फार पटलं. इतकं सरळ काहीतरी आपल्याला आधी सुचलं कसं नाही, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना आशा वाटली की यंत्र कदाचित देवयानीच्या बाजूनं बोलेल. पोरगी वाईट नव्हती. वेळेवर यायची, हरल्यावर कुणाच्या अंगावर ढकलायची नाही, आणि चुलतबहिणीच्या लग्नासाठी चार दिवस सोडले तर दोन वर्षांत तिनं एकदाही दांडी मारली नव्हती.

गुरुवारी दुपारी निकाल आला. बालाघाट शंभरातले एकाहत्तर सामने जिंकत होता. असदला काढलं तर बासष्ट. विश्वजितला काढलं तर सहासष्ट, त्यामुळे त्याचा चेहरा पडला. संघातल्या दोघी जुळ्या बहिणींपैकी कुणालाही काढलं तर अडुसष्ट. देवयानीला काढलं तर एकाहत्तर.

“म्हणजे?” ताईंनी विचारलं.

“म्हणजे शून्य,” सुलभाबाई म्हणाल्या. “ती असली काय आणि नसली काय. मला वाईट वाटतं, पण असं स्वच्छ शून्य मीही पहिल्यांदाच बघतेय.”

*

त्याच संध्याकाळी ताईंनी देवयानीला मैदानावर गाठलं. बावीस वर्षांची, सावळी, काटक पोरगी. खांबाला टेकून लहान मुलींचा सराव बघत उभी होती. ताईंनी आडवळण घेतलं नाही. दोन्ही आकडे तिच्या विरोधात आहेत आणि शनिवारच्या यादीत तिचं नाव नसेल, एवढं सांगून त्या थांबल्या.

“बरं,” देवयानी म्हणाली.

ताई वाट बघत राहिल्या. रडणं, भांडणं, आईला फोन लावून देणं, वीस वर्षांत त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर होतं. नुसतं ‘बरं’ त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“ताई, नवा येणाराय त्याला खिंडीची डावी बाजू कोण सांगणार?” तिनं विचारलं. “तिथं उजेड कवा फिरतो ते बघावं लागतं. मी शनिवारी येऊन सांगून जाऊ का?”

ताईंना घरी जेवण गेलं नाही. नवऱ्यानं कारण विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणाल्या.

*

शुक्रवारी सकाळी सुलभाबाई लॅपटॉप पिशवीत भरत होत्या, तेव्हा गिरिजाताई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

“ती नसलेला एखादा सामना दाखवता का मला?”

“चाळीस हजारांतला कुठला?”

“कुठलाही. मला फक्त मनाचं समाधान करायचंय.”

पडद्यावर खिंड उघडली. बालाघाटचे चार आणि पाचवा तो ठोकळा, डाव्या बाजूला देवयानीच्या जागी. ठोकळा बिचारा सरळ चालत गेला आणि पहिल्या मिनिटात मेला. ताईंनी त्याच्यावरची नजर काढून इतर चौघांकडे बघायला सुरुवात केली, कारण मैदानावर त्यांना तीच सवय होती. चेंडू नसलेल्या खेळात बघायचं असतं ते माणसांकडेच.

विश्वजितच्या प्रतिकृतीनं शत्रूचा एक गडी हेरला होता. गडी जखमी होता, वीस पावलांवर होता आणि पाठमोरा होता. असला मोह विश्वजितनं जन्मात सोडला नसता. पण प्रतिकृती त्याच्यामागे धावलीच नाही. ती मुद्दाम उजवीकडे आवाज करत पुढे झाली, त्या गड्याला खडकाच्या डाव्या अंगाला वळायला लावलं, आणि जागच्या जागी खाली बसली. पडद्याच्या तळाशी खेळाडूंचे शब्द उमटत. तिथं दोन शब्द आले. “खो, असद.”

खडकाआडून असद उठला आणि गडी बाद झाला.

ताई पुढे वाकल्या. “थांबवा. पुन्हा लावा.”

तीनदा पाहिल्यावर त्यांनी दार उघडून विश्वजितला हाक मारली. तो कानांवरचे हेडफोन गळ्यात टाकून आला, बघितलं आणि नाक मुरडलं.

“हे मी नाही. मी कशाला सोडायलोय त्याला? यंत्राचं कायतरी बिघडलंय.”

“तुझे गेल्या महिन्यातले खरे सामने लावू?” सुलभाबाईंनी विचारलं, आणि तो हो म्हणायच्या आत लावलेही.

सोळा मिनिटांत त्यानं सहा वेळा तेच केलं होतं. सहा वेळा गडी हातात असताना सोडला होता, वळवला होता, खाली बसला होता आणि खो दिला होता. तीन वेळा असद किंवा त्या दोघी जुळ्या बहिणींपैकी एक त्याला खो देत होती आणि गडी त्याच्या पदरात पडत होता. विश्वजित आपल्याच हातांकडे बघत राहिला.

“हे मी कवा शिकलो?” त्यानं हळूच विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “देवू असं करते. पहिल्यापासून. ती बाहेर पडते, मरते, पण मरताना गडी आमच्याकडं वळवून देते.” 

सुलभाबाईंनी पिशवीतून चष्मा काढला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.  नंतर कपाळावर हात मारून घेतला.

“गिरिजाबाई, तीस वर्षं मी साथींवर काम केलं, आणि ही चूक मी करावी! दुधाला विरजण लावलं, दही लागलं, आणि मग मी वाटीतून चमचा काढून म्हणतेय, बघा, चमच्यावाचून काही अडलं नाही. मी देवयानीला काढलंच नाहीये. ती या चौघांत लागलेली आहे.”

“मग खरंखुरं कसं काढायचं?”

“मागं जावं लागेल. ती यायच्या आधीच्या विश्वजितकडे.”

*

दोन वर्षांपूर्वीची चित्रणं कपाटातल्या जुन्या डिस्कवर होती. यंत्रानं त्यावरून चौघांच्या वेगळ्या प्रतिकृती घडवल्या: वयानं दोन वर्षांनी लहान, हाताचा वेग आजचा, पण देवयानी कधीच न भेटलेल्या. ठोकळ्याला सोबत घेऊन त्या आजच्या संघांशी खेळल्या. दुपारी दीडला निकाल आला. शंभरात एकोणीस.

एकाहत्तरातून एकोणीस गेले. बावन्न! 

“अजून एक बघू या,” सुलभाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वेगळाच लागला होता, लहान मुलीसारखा. “साथ कुणाकडून कुणाला लागली हे शोधायची माझी जुनी रीत आहे. एखादी खोड आधी कुणात दिसली, मग कुणात, कुणाशी खेळल्यावर. देवयानीपासून निघालेल्या प्रत्येक हालचालीला मी हळदीचा रंग देते.”

पडद्यावर एकशे तीस सामने एकावर एक अंथरले गेले. देवयानी त्यात कुठंच नव्हती. तिला वगळलेलेच सामने होते ते. आधी काही दिसलं नाही. मग विश्वजित वळला तिथं एक पिवळी रेघ उमटली. असद थांबला तिथं दुसरी. जुळ्या बहिणींच्या वाटा अर्ध्याहून जास्त पिवळ्या झाल्या. बघता बघता खिंडीचं बालाघाटकडचं सगळं तोंड हळदीनं माखलं, आणि ते थांबेना. गेल्या वर्षी बालाघाटकडून हरलेला लातूरचा संघ पिवळा व्हायला लागला. लातूरशी खेळलेला नागपूरचा. नागपूरकडून शिकलेला कोचीचा. शिलाँगच्या संघानं बालाघाटचं नावही ऐकलं नसेल, पण त्यांची एक पोरगी गडी हातात असताना सोडत होती, वळवत होती आणि खाली बसत होती. तिच्या भाषेतला कुठलातरी शब्द ती तेव्हा उच्चारत होती, आणि दुसरी उठत होती.

गिरिजाताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. देवळात गेल्यावरही त्यांना कधी असं झालं नव्हतं. एक पोरगी, जिचा आकडा त्या दर सोमवारी पुसत होत्या, ती देशभर पसरलेली त्यांच्या डोळ्यांसमोर होती, शत्रूच्या हातापायांतसुद्धा, आणि हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. किती जणांना मारलं ते फळ्यावर होतं. किती जणांत ती जिवंत आहे हे लिहायला फळ्यावर जागाच नव्हती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“हे अहवालात लिहिता येईल?” त्यांनी पदरानं डोळे पुसत विचारलं.

“लीगच्या नियमात नाही बसत. नियमाप्रमाणे तिची उणीव शून्यच. नियम बदलायला मी आजपासून भांडणार आहे, पण तो उद्या बारापर्यंत बदलणार नाही.” सुलभाबाई थांबल्या. “हमीची एक जागा असते ना तुम्हाला?”

असे. यंदाच्या नियमाप्रमाणे दोन्ही आकडे कमी असलेला एकच खेळाडू प्रशिक्षकाला स्वतःच्या सहीवर घेता येई. मात्र संघ पहिल्या आठात आला नाही तर प्रशिक्षकाचा परवाना पाच वर्षं रद्द. तोवर कुठल्याही संघात कुणीही ती सही केली नव्हती. ताईंचं वय सेहेचाळीस होतं. ही खोली आणि समोरचं मैदान सोडून त्यांना तिसरी जागा माहीत नव्हती, आणि दोन्हींसाठी परवाना एकच असल्यानं तो गेला तर मैदानावरही पाऊल टाकता येणार नव्हतं.

*

शनिवारी सकाळी नऊ वाजता बप्पा स्वतः आले. पडद्यावरची हळद त्यांना दोनदा दाखवली. पहिल्यांदा ते म्हणाले, “रंग छान हाय.” दुसऱ्यांदा त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

“ताई, पुण्याच्या पोराला काय सांगू?” शेवटी त्यांनी विचारलं.

“पुढच्या वर्षी ये म्हणावं.”

“आन् आठात नाही आलो तर? तुमचं काय?”

“माझं मी बघीन.”

“तुम्ही लई हट्टी हाव,” बप्पा म्हणाले, पण त्यांनी पेन पुढे केलं. साडेदहाला सही झाली आणि दहा चाळीसला कागद लीगकडे गेला. विश्वजितनं तोवर कुणी न सांगता फळा पुसून काढला होता. स्वतःच्या ३.४१ सकट.

देवयानी आली होती ती नव्या पोराला डावी बाजू समजावून सांगायला. तो कुठं दिसेना, म्हणून मैदानाकडच्या पायरीवर वाट बघत बसली होती, खोलीकडे पाठ करून. समोर बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा सराव चालला होता. ताई मागून येऊन तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

“देवयानी, हे खो देणं खिंडीत आणायचं तुला कुणी सांगितलं?”

ती मागे न वळता हसली. “तुम्हीच की.”

“मी? मला तर साधी बंदूक उचलता येत नाही त्यात.”

“इथं, मैदानावर. मी सातवीत होते. तुम्ही मला काढलं होतं ना संघातून? आठवंना का? तुमच्या वहीत माझ्यापुढं एकच गडी बाद लिहिला होता. सगळ्यात कमी.”

ताईंना काही आठवेना. वीस वर्षांत किती पोरी काढल्या, त्याची वही त्यांनी ठेवली नव्हती.

“मग ते वर्ष मी ह्याच पायरीवर बसून बघायचे,” देवयानी सांगत होती. “तुम्ही पोरींना ओरडायच्या, धरायची घाई करू नका गं, पुढचीला धरता येईल असा गडी वळवा. रोज ओरडायच्या. त्यांना कळत होतं का नाही, काय माहीत. मला कळलं.”

देवयानीच्याही आधी हळदीची ती रेघ कुठून निघाली हे यंत्राला सांगता आलं नव्हतं, कारण सातवीतल्या पोरीचं चित्रण कुणाकडे असणार? शिलाँगची ती मुलगी खाली बसत होती ती या मैदानातल्या मातीत बसत होती. आणि ज्या बाईनं हे पेरलं तिनंच दोनदा, एकदा वहीत बघून आणि एकदा फळ्यावर बघून, ते उपटून टाकायला हात घातला होता. 

“गुरुवारी भांडली का नाहीस माझ्याशी?” त्यांनी विचारलं. “एक शब्द तरी बोलायचास.”

“काय बोलायचं, ताई?” देवयानी अजून मैदानाकडेच बघत होती. “त्यांना सगळ्यांना जमायलंय आता. खो दिला की आपण बसायचं असतं. मी बसले.”

मैदानावर एक लहानगी गडी वळवत खांबापर्यंत आली, ओरडली आणि खाली बसली. दुसरी उठून सुसाट पळाली.

गिरिजाताई वाकल्या. त्यांनी देवयानीच्या पाठीवर तळहात टेकवला, अगदी नियमात सांगितलाय तसा, मागून आणि स्पष्ट, आणि मैदानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “खो.”

देवयानीला अर्थ कळायला क्षणभर लागला. पायांना आधीच कळला होता. ती उठून उभी राहिली होती.